काळा ठिपका

रुईकर कॉलनीत, सरनोबतबाईंच्या घरामागं
साठ हजार लिटर पाणी आजारी आहे.
हिरवं नाही, वासही नाही.
नुसतं दुधाचं भांडं विसळल्यासारखं,
आणि तळाची पायरी दिसत नाही.

"मीठ घातलंय की रे त्यात," बाई म्हणतात.
"मिठात लोणचं वर्षभर टिकतंय,
मग पाणी कसं नासतंय?"

मी हसत नाही. प्रश्न बरोबर आहे.
मीठ इथं कच्चा माल, बाई.
त्या खोक्यातल्या पत्र्यांवरनं वीज जाते
आणि मिठातनं क्लोरीन निघतो,
राखणदार तो.
तुमचा राखणदार उभ्या उभ्या झोपलाय.

किट उघडतो. पाच थेंब.
नळीत गुलाबी, पार गडद गुलाबी.
आठाच्या वर. मिठाच्या टाकीत हे चालायचंच,
पीएच चढतो, आपण उतरवायचा:
पंप चालू ठेवून, वाऱ्याकडं पाठ करून
काठाकाठानं ॲसिडची बारीक धार.

माझा बाप गुळव्या. दस्तगीर मुजावर.
हंगामात गुऱ्हाळागुऱ्हाळातनं बोलावणं यायचं.
उकळत्या काहिलीत चिमटीनं चुना,
मग भेंडीचं पाणी, मग वर आलेली मळी.
थेंब नाही, नळी नाही.
रसाच्या रंगाकडं बघून म्हणायचा,
"अजून न्हाई."
मी डिप्लोमा करून तेच म्हणतो,
जीएसटी लावून.

शेवटची चाचणी राहिली.
या नळीच्या तळाला एक काळा ठिपका आहे.
गढूळ झालेलं पाणी वरनं ओतत जायचं
आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं.
मी ओतायला लागलो आणि
बोटभरही ओतलं नाही, ठिपका गेला.

"गोळ्या कोण टाकतं?"

"साहेब टाकायचे. रविवारी तीन.
मशीन बसवलं त्याच्या आधीपासनं.
ते गेल्यावर मी टाकते.
एक रविवार चुकला नाही."

दोन वर्षं. तीन गुणिले बावन्न गुणिले दोन.
कसं सांगू.
गोळीत क्लोरीनबरोबर छत्री असते,
उन्हात तो उडून जाऊ नये म्हणून.
क्लोरीन खपतो, छत्री पाण्यात राहते.
आता इतक्या छत्र्या झाल्यात
की खाली कुणाला हात हलवता येईना.

"मग औषध?"
"औषध नाही. पाणी सोडायचं.
निम्म्याहून जास्त."

एप्रिल आहे. शेजारी टँकर मोजतात.
बाई बराच वेळ चाफ्याकडं बघतात.
"झाडांना तरी?"
"मीठ आहे, बाई. चाफा मरंल."

दोन रात्री पंप गटारीकडं तोंड करून चालला.
तिसऱ्या पायरीवर, पाणी उतरल्यावर,
एका जागी फरशीची निळाई घासून गेलेली दिसली,
माणूस बसेल एवढी.
मी ब्रश घेऊन पुढच्या पायरीला लागलो.

टँकर आले. मीठ पोत्यांनी मोजून घातलं.
चौथ्या दिवशी नळी मी बाईंच्या हातात दिली.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
वरनं डोळा लावला, ओतू लागल्या.
"दिसतंय.
अजून दिसतंय.
अजून..."

पंचावन्नावर गेला. मी वहीत लिहिलं.

निघताना फळीवरचा गोळ्यांचा डबा
मी पिशवीत घालायला उचलला.
बाईंनी तो माझ्या हातातनं काढून घेतला,
झाकण घट्ट आहे का बघितलं,
आणि मांडीवर धरून बसल्या.

"टाकत नाही," म्हणाल्या. "राहू दे."