फिकट पिवळा

नकाशा मी काढला. हे आधीच सांगतो,
म्हणजे पुढचं ऐकताना
मी कुठल्या खुर्चीत होतो ते लक्षात राहील.

घाटीगावच्या पलीकडे डांबर संपतं
आणि खैरपुऱ्याकडे जाणारी गिट्टी सुरू होते.
जुनी खाण साडेतीन हेक्टर,
वाढीव मागितलेली नऊ.
मालकाच्या माणसाला नकाशात हिरवा रंग नको होता.
"पडीत आहे ना सातबाऱ्यात, म्हणजे खसऱ्यात?
मग फिकट पिवळा द्या, पोतनीस.
डोळ्यांना बरा वाटतो."
दिला.

मोजणीला साखळी धरायला हरबिलास आला,
तीस वर्षं याच दगडावर छिन्नी मारलेला.
शंभर पावलं झाली की थांबायचा
आणि थांबलोय हे कळू नये म्हणून
मला दगड दाखवायचा:
हा गुलाबी, हा पांढरा, ह्याच्या पोटात भेग आहे,
आणि हा, ऐका, हा बोलतो.
हातोडीनं ठोकलं.
चांगली शिळा काशाच्या वाटीसारखी वाजते.
त्याच्या छातीतून जो येत होता
तो आवाज बद्द होता.

सुनावणी शाळेत.
मुलांना सुट्टी, बाकं अंगणात,
नायब तहसीलदार दोन तास उशिरा.
अहवाल दोनशे चौदा पानं, इंग्रजीत.
गोषवारा हिंदीत, तीन.
त्या तिनांत धूळ एकदा येते
आणि लगेच पुढे 'नगण्य'.

पहिल्या रांगेत ट्रॅक्टरवाले होते.
त्यांना खाण हवी होती. खोटं कशाला बोलू,
मनापासून हवी होती.
एकाचा मुलगा मोरबीत फरशा भाजतो,
दुसऱ्याचा सुरतेत, आणि फोन उचलत नाही.
त्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा
मलाही जरा हलकं वाटलं.

मग सहरिया वस्तीतली रतीबाई उठली.
नकाशापाशी आली.
बोट टेकवलं नाही, बोटाची सावली तेवढी
पिवळ्यावरून फिरवली आणि विचारलं,
"जामें हमाओ कुआँ कहाँ है?"

विहीर होती.
संगणकात होती, निळा ठिपका,
शेजारी माझ्याच हातची टीप: पाणी सतरा हातांवर.
छापताना तो थर बंद होता.
कुणी बंद केला ते विचारू नका.
माझ्या टेबलावर माऊस एकच आहे.

"छपाईत राहिलं," मी म्हणालो.
साहेब म्हणाले, "नोंद घ्या."
कारकुनानं वही उघडली, पेन झटकलं.
बाई जागची हलेना.
शेवटी मीच खिशातलं बॉलपेन काढून
एक गोल केला.
तिनं मान हलवली. तिथे नाही.
दुसरा केला. तिथेही नाही,
तिथे तर बकऱ्या बसतात.
तिसऱ्या गोलाला म्हणाली, हां.

चाळीस मीटरची चूक होती.
आमच्या धंद्यात चाळीस मीटर म्हणजे
दुसऱ्याचं घर.

तो कागद भोपाळला गेला.
तिथे काळा-पांढरा स्कॅन होईल,
तीन गोलांपैकी खरा कुठला
ते कुणाला कळणार,
कुणाला वाटेल चहाचा कप ठेवला असेल.

लष्करात आमच्या न्हाणीला
वडिलांनी चौऱ्याहत्तर साली टाकलेली फरशी आहे,
खैरपुऱ्याचीच. तिच्यावर लाटा आहेत,
कधीकाळच्या उथळ पाण्याच्या,
वाळूत उमटल्या आणि तशाच दगड झाल्या.
लहानपणी त्या माझ्या पायांना गुदगुल्या करायच्या.
आज अंघोळीला बसलो तर पाणी
त्या वळ्यांतून वाट काढत मोरीकडे जाताना
बघत राहिलो.
सुनंदा बाहेरून ओरडली,
नळ चालू आहे, झोप लागली का?

नळ बंद केला.
तांब्या उपडा करून
फरशीवर एकदा ठोकून पाहिली.
वाजते अजून.