मुसळाचे ठोके

सरोवरावर त्या रात्री सत्तावीस दिवे होते.
आई म्हणाली, मोज. मी मोजले.
मला वाटलं, मोजून संपले की यांखो बरा होईल.
त्यातला एक दिवा वायसन मामाचा.
कुठला, ते आईलाही ओळखता येत नव्हतं.

आमच्याकडे मूल बापापेक्षा मामाचं.
औषध, शाळा, कुणाची मुलगी कुणाला,
सगळं मामाच्या तोंडून यायचं.
आणि मामा उसिपाच्या मागे पाण्यावर,
उजाडल्याशिवाय परतणार नव्हता.
बाबा जोहान्सबर्गला. त्यांचा फोन
महिन्यातून एकदा यायचा, दुकानदाराच्या फोनवर,
दुकान उघडं असलं तर.

आजी म्हणाली, टाळू बघ, खोल गेलीय.
हे दवाखान्याचं दुखणं नव्हे.
तिने साल उगाळली, बोटाने लेप लावला.
तिचं कुणी ऐकू नये असंही नव्हतं;
आईला, मामाला, मला
तिनेच तर जगवलं होतं.
जे जगले नाहीत, त्यांची नावं ती घेत नसे.

आईने डब्यातले पैसे काढले. मोजले. ठेवले.
पुन्हा काढले.
सायकलवाल्याला जायचे पुरत होते,
यायचे नाहीत.

आणि ती नर्स.
मागच्या पावसाळ्यात आई मला पाठीशी बांधून
तीन तास चालत गेली,
तर सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढ्याशा सर्दीला?"
त्याच्या आधी एकदा, "आत्ता आठवण झाली होय?"
लवकर आणि उशिरा यांच्या मध्ये
कुठेतरी बरोबर वेळ असणार.
आई ती अंधारात शोधत होती,
काड्यापेटी चाचपावी तशी.

यांखो म्हणजे आमच्या भाषेत उत्तर.
हाक मारली तरी तो ओ देत नव्हता.
रडला असता तर बरं वाटलं असतं.

मग कोंबड्याच्याही आधी
शेजारच्या लिनेसीने उखळात मका घातला.
धप्प.
आईचा हात यांखोच्या छातीवर होता.
धप्प.
आईची मान वर झाली.
धप्प. आणि पुढच्या धप्पच्या आत
छाती वर, खाली, वर, खाली.
लिनेसीचं मुसळ कधी चुकत नसे,
अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"तू बघ," आई म्हणाली.
दिव्यांपेक्षा हे सोपं होतं.
"एका ठोक्याला दोन श्वास," मी म्हणाले,
"कधी कधी तिसराही."
तिने तोच हात माझ्या छातीवर ठेवला.
किती वेळ ठेवला.
माझा श्वास: दोन ठोक्यांना एक.

पैसे कनवटीला गेले.
यांखो पाठीवर, त्यावर कापड, त्याला दुहेरी गाठ.
आजी दारात आडवी: "वायसनला काय सांगू?"
आई तिला बाजूला सारून नव्हे,
तिच्या हाताखालून वाकून गेली.

उखळात डोकं घातलं
की मुसळाला भ्यायचं नाही म्हणतात.
आई त्या पहाटे मुसळालाच विचारून निघाली.

दवाखान्याची वही माझ्याकडे होती,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दातात,
कारण ओढ्याला कमरेएवढं पाणी,
म्हणजे आईच्या कमरेएवढं.

नर्सने घड्याळ धरलं.
एक मिनिटभर कुणी हललं नाही.
मग ती काहीच बोलली नाही,
आम्हाला रांगेतून उचलून आत नेलं.
ती रागावली नाही,
म्हणून आई पहिल्यांदा घाबरली.

तिसऱ्या दिवशी मामा आला,
अंगाला अजून मासळीचा वास.
यांखो त्याच्या बोटाशी झटापट करत होता.
"कुणाला विचारलंस?"
"लिनेसीच्या मुसळाला."
मामाने खूप वेळ खिडकीबाहेर पाहिलं,
तिथे भिंतीशिवाय काही नव्हतं.

घरी गेल्यावर उसिपाची पहिली परडी
त्याने शेजारी पाठवली.
लिनेसीने विचारलं, हे कशाबद्दल?
कुणी सांगितलं नाही.
संध्याकाळी तिने
उद्याचा मका काढून ठेवला.