आणेवारी

नर्सबाईंनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतं?
मामाजी छताकडे पाहत राहिले.
दहावर संपणारा हिशेब त्यांनी कधी केलाच नव्हता.
"चौदा आणे," ते म्हणाले,
आणि जबड्याला बांधलेल्या धोतराच्या फडक्यातून
लाळ मानेवर उतरली.

चौतीस वर्षं कोतवाल.
तलाठ्याच्या मागं दप्तर काखेत धरून
धुऱ्याधुऱ्यानं फिरलेले.
बोंडं मोजायची, ज्वारीचं कणीस तळव्यावर चोळायचं.
"डोमाजी, काय वाटते?"
हे म्हणायचे सहा आणे,
कागदावर जायचे नऊ.

म्हणून मला बजावलं,
"छबू, वहीत हाये तेवढंच लिहजो.
कमी नाही, जास्त नाही."

तालुक्याच्या औषधवाल्यानं नाव ऐकूनच हात जोडले.
मग आर्वीहून पहाटेची एसटी, नागपूर,
रजिस्टरात माझी सही,
मागच्या रिकाम्या पाकिटांचा हिशेब,
आणि परतीला पदराच्या गाठीत
चौदा दिवसांचं मॉर्फिन.

"अफूच ना ते?" घरधनी म्हणाले,
"म्हातारपणी नाद लागला तं?"
पन्नास वर्षं खर्रा घोटला तळहातावर,
तेव्हा नाद हा शब्द
या घरात कुणी काढला नव्हता.

डॉक्टरीण पोरसवदा होती. म्हणाली,
"यांच्या किडन्याही ऐंशीच्याच आहेत,
थोडं देऊ, पण घड्याळ लावून देऊ.
दुखायची वाट नका पाहू.
आणि पोट साफ व्हायची पुडी
रोज, न चुकता, गोळीइतकीच महत्त्वाची."

अडकित्त्यानं अर्धी करते मी गोळी.
तोच अडकित्ता. दुसरं काही
इतकं नीट कातरत नाही.
चमच्यात विरघळवून ओठांच्या चांगल्या बाजूनं सोडते.
सहा, दहा, दोन, सहा, दहा,
आणि रात्री दोनचा गजर उशाखाली.

पहिल्या रात्री ते झोपले
तर मी झोपले नाही.
नाकाशी बोट धरून श्वास मोजले.
पंधरा. पुन्हा पंधरा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी
खाटेवरून दवंडी दिली,
"ऐका हो ऐका, उद्या साहेब येनार हाये,
नकाशे काढून ठेवा!"
कुत्रं उठून बसलं. पोरं हसली.
मी अंगणात जाऊन फोन लावला.
डॉक्टरीण म्हणाली, घाबरू नका, पाणी पाजा,
अर्धीची पाव करा, उद्या सांगा.

पावावर बसले मग.
बारा आणे. सात. परवा सकाळी चार.
चार आण्यांत माणूस चहा मागतो,
भिंतीला टेकून दाढी करून घेतो,
सुनेला म्हणतो, भाजीत मीठ नाही,
जरी भाजी चार महिन्यांपासून फक्त पाणी आहे.

काल रात्री, दहाच्या आधी,
मागच्या घरातून भागरथाबाईचं कण्हणं आलं.
रोजच येतं. मीच ऐकायचं सोडलं होतं.
तिच्या गर्भाशयाचं निघालं दिवाळीला,
मुलगा म्हणाला, आता वय झालं, सोसावंच लागते.

मामाजींनी फडकं सरकवलं.
"तिचं किती आणे?
कोनं लिहून नेलं काय?"

मी गप्प.

"वही घे. जाऊन इचारून ये.
अन् छबू, तिच्या पोराले नको इचारू,
तिले इचार."

गोळीला अजून वीस मिनिटं होती.
मी चप्पल शोधली.