रंग

"दिसत नाही ते नसतंय," मल्लेशम गुंडेटी म्हणाले.
साखर पेठेत चाळीस वर्षं टॉवेल विणलेली छाती
बोलता बोलता अडकली.
"कापसाची धूळ हाय ही.
जंतूबिंतू तुमचं, गोळ्या खपवायला."

मी त्यांना सिव्हिलच्या लॅबमध्ये बोलावलं,
त्यांच्याच थुंकीची काच भिंगाखाली सरकवली.
चष्मा कपाळावर ढकलून
बराच वेळ वाकून राहिले.
निळ्यात गुलाबी काड्या,
मागाखाली तुटून पडलेल्या सुतासारख्या.

"रंग कुणी दिला?"
मीच, म्हटलं. काचेला खालून आच देऊन.
"मग! रंगवल्यावर काय बी दिसतंय की."
आणि हसले,
व्यापाऱ्याची खोट पकडल्यावर हसावं तसे.

उत्तर सुचलं रात्री, तवा घासताना:
सूतच नसेल तर, मामा, रंग धरणार कुठं?

दुसऱ्या दिवशी सांगायला गेले.
दारातच उभे होते. आत नात पाढे म्हणत होती,
सतराचा चुकत होता.
खिडकीत एक पेला, बाकीच्यांपासून लांब, उपडा.
"खोटंच हाय तुमचं," म्हणाले,
आणि खोकला आला तसे
घाईघाईनं गल्लीकडे वळले,
पाठ घराला करून.