एकाआड एक शनिवार

ओडेसाने त्याला ब्रायर ओढ्यात धरलं,
सपाट दगडाखाली, मागून, दोन बोटांनी.
नांग्या हवेत कात्र्या चालवत राहिल्या.
"आता तू धर," म्हणाली. मी धरला नाही.
मिसुरीत जन्म काढला, पण क्रेफिशला गळाला लावण्यापलीकडे
आमचं कधी बोलणंच झालं नव्हतं.

कॉफीच्या डब्यातून तो घरी आला,
पुढच्या सीटवर, तिच्या मांडीवर,
दर वळणाला डब्यात खरखर.
नाव ठेवलं शेरीफ.
टाकी वीस गॅलनची, एका गिऱ्हाइकाने
ब्रेकच्या बिलात वळती केलेली.
आत सहा गोल्डफिश, सगळ्यांना नावं,
मला पर्ल तेवढी आठवायची.
दुकानातल्या ग्रेडीने विचारलं, "ओढ्यातला? माशांसोबत?"
आणि सुटे मोजता मोजता नुसता हसला.

शेरीफ दिवसा फुटक्या कुंडीच्या खापरीखाली.
रात्री त्याची गस्त.
सोमवारी पर्लची शेपटी अर्धी.
बुधवारी पर्ल नाही.
शुक्रवारी मी ग्रेडीकडे. तसाच मासा, साडेतीन डॉलर.

शनिवारी ओडेसाने काचेला नाक लावून मोजले.
"सहा."
मी श्वास सोडला.
"पण ही पर्ल नाही. पर्लच्या डोळ्याखाली काळं होतं."
"पुसलं गेलं असेल," मी म्हणालो.
ती पुढे काही बोलली नाही.
तिची आईही असंच काही बोलायची नाही.

मग दोन शनिवारांमधले तेरा दिवस मी तेच करत राहिलो,
झाकणावर वीट ठेवणं, शेरीफला आधी खाऊ घालणं,
कोळंबीचा तुकडा, उकडलेले वाटाणे,
पोट भरलं की माणूस निवळतो या हिशेबाने.
निवळला नाही.
एकदा झाकण राहिलं तर सकाळी फ्रिजमागे सापडला,
अंगभर धूळ, नांग्या वर,
मलाच अटक करायला निघाल्यासारखा.
ग्रेडी आता न विचारताच मासा पिशवीत भरायचा.

ऑक्टोबरातला गुरुवार. गॅरेजमधून आलो,
तर टाकीत शेरीफ आडवा. डोळे, मिशा, सगळं जागच्या जागी,
पण रिकामा, आरपार उजेड दिसेल इतका.
सव्वानऊला फोन लावला. कोर्टाच्या कागदात ती वेळ माझी नाही.
रोझलिनने उचलला.
"शेरीफ गेला," मी म्हणालो.
बराच वेळ काही नाही. मग, "आपला बॅक्स्टर शेरीफ?"
"नाही. टाकीतला."
तिने फोन दिला.

"मानेपाशी फुटलाय का?" ओडेसा.
"हो."
"मग तो मेला नाही, बाबा. कात टाकलीय. खापरीखाली बघ."

टॉर्च लावला. होता.
ओल्या कागदासारखा, फिका, स्वतःलाच अनोळखी.
आणि मासे, हेच कुरतडलेल्या शेपट्यांचे,
साडेतीन-साडेतीन डॉलरचे,
खापरीच्या तोंडाशी गोळा झालेले,
त्याच्या मऊ पायांना टोचून बघत होते.

"मासे आधी काढ. आणि ते कवच फेकू नकोस,
तो तेच खातो. खाऊनच परत कडक होतो."
जाळं मिळेना. मी हाताने काढले,
फोन खांद्यात, बाही कोपरापर्यंत भिजलेली,
एकेक मासा बादलीत.
तिने फोन ठेवला नाही.
मागून रोझलिनही म्हणाली नाही, पुरे, झोप आता.

"बाबा, त्यातली जुनी कोण उरलीय?"

मला कसं सांगणार होतो.
पाच महिने मी फक्त सहापर्यंत मोजत आलो होतो.
"थांब," म्हणालो, "बघतो."
बादलीपाशी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो, टॉर्च खाली धरला.
"एक आहे, पाठीवर पांढरा डाग, अंगठ्याच्या नखाएवढा."
"ती नवी."
"एकीचा उजवा कल्ला जरासा उघडा राहतो."
"नवी. पुढे?"
"एक तळाशीच आहे. पोटाखाली नारिंगी, आणि कडेला..."
"हळू सांग," ती म्हणाली,
आणि मी हळू सांगू लागलो.