केरसुणी

शेडचं छप्पर आधी वरून फोडायचं, सानिका म्हणाली,
आढ्यापाशी, दोन हात रुंद.
हंचनाळ्यांची पोरगी, रुजू होऊन पंधरा दिवस,
आणि आम्ही निघालो चाळीस वर्षांची शेड फोडायला.
"हा गॅस खाली बसत नाही, काका. वर पळतो.
वर कोंडला, की एक बटण दाबलेलंही पुरतं."
पारव्यांनी तिथं आधीच वाट काढलेली होती.
आम्ही ती रुंद केली.

उद्यमनगरात जन्म गेला माझा.
डिझेल आंधळ्यालाही कळतं,
हातरुमालाला येतं, भाकरीला येतं, झोपेतसुद्धा येतं.
घरच्या सिलिंडरला मुद्दाम कुजका वास घालतात,
गळला तर शेजारीण येऊन सांगते.
ह्याला वास नाही. घालायचाही नाही,
वासानं म्हणे बसचं काळीज आजारी पडतं.
रंग नाही. उन्हात पेटला तर ज्योत दिसत नाही.
असला पाहुणा घरात घ्यायचा
आणि साडेतीनशे पट दाबून टाकीत ठेवायचा.

दस्तगीरचाचा शिकलगारांनी व्हॉल्व्ह तळव्यावर घेतला,
हातोडीच्या दांड्यानं हळूच वाजवला, कान लावला.
"बोलतंय चांगलं," म्हणाले. "खरं बोलतंय का, ते कळंना."
मग सानिकानं एक बोल्ट काढला,
तीन महिने त्या गॅसात राहिलेला,
चकचकीत, आट्यांवर गंजाचा ठिपका नाही.
चाचांनी व्हाइसमध्ये धरला, पाना फिरवला,
आणि बिस्किटासारखा
तुटला.
"आत शिरतो," ती म्हणाली, "लोखंडाच्या कणाकणांत जाऊन बसतो."
चाचा तुकड्याकडं बघत राहिले.
"माझा थोरला असाच. वरनं काय दिसलं न्हाई कधी."

चाचणीच्या दिवशी अकराचं ऊन,
गोकुळ शिरगावच्या बाजूचा मोकळा माळ.
टाकी, नळी, नवेकोरे सेन्सर,
आणि सेन्सर चुकला तर
केरसुणी.
खरंच. ती पुढं धरायची आणि चालायचं,
शिंदीचं टोक पेटलं की थांबायचं.
घरातली नेली म्हणून बायको दोन दिवस बोलली नाही.
लक्ष्मीला कुठं आगीत घालतोस, एवढंच म्हणाली.

मी पुढं. हात लांब. पाऊल.
पाऊल.
तिसऱ्या सांध्यापाशी टोक लाल झालं,
हवेतून, कशातूनच नाही,
कुणी बिडी शिलगावून घ्यावी तसं.
ओरडलो की नाही, आठवत नाही.
कॉक चाचांनी बंद केला.
सांधा आमचाच. अर्धा आटा कमी बसलेला.
त्यावर हात माझा.

बस रस्त्यावर यायला आणखी दोन महिने गेले.
कावळा नाक्यावरून निघाली, आवाज गिरणीतल्या पंख्याएवढा,
धूर नाही, मागं नुसते पाण्याचे थेंब.
रंकाळ्यापाशी एक भेळवाला धावत आला,
"ओ ड्रायव्हर, गळतंय की वो तुमचं!"
"गळू दे," ड्रायव्हर म्हणाला, आणि आम्ही इतके हसलो
की सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग भेळवाल्यानंच विचारलं, पाणी फोडायला वीज कुठली?
ती गप्प झाली. खोटं बोलायची सवय नाही पोरीला.
"काही उन्हाची. बाकी अजून कोळशाची."
"म्हणजे धूर चंद्रपूरला सोडला."
"हो. सध्या तरी."
त्यानं मान हलवली, कांदा चिरायला घेतला,
म्हणाला, पण माझ्या भेळेवर काजळी बसणार नाही,
ते आपलं बरं.

भरायचा पंप एकच आहे, शेडमागं.
त्याच्यापासून लांब गेली तर बस ओढून आणावी लागेल.
रोज सकाळी लाइन उघडण्याआधी
मी खिळ्यावरून केरसुणी काढतो.
जळालेलं टोक कापू दिलं नाही.
परवा चाचांचा पाय चुकून लागला तिला,
त्यांनी खाली वाकून हात लावला, तो कपाळाला नेला,
नंतर इकडंतिकडं बघितलं.
वर फटीतून उन्हाची पट्टी पडली होती,
तीत पारव्याचं एक पीस,
खाली यायला फार वेळ लावत होतं.