मूठ

डिप्लोमा फर्स्ट क्लास. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत
मला पहिल्या दिवशी एक यंत्र मिळालं:
पितळी बाटली, बुडाला घड्याळासारखी तबकडी.
चमचाभर वाळू, चिमूटभर कार्बाईड, झाकण घट्ट,
हलवायचं, थांबायचं.
वाळूत पाणी किती, ते काटा सांगणार.

काटा थरथरत होता तोवर
भरमाण्णा मुचंडीकरनं वाळू मुठीत दाबली, मूठ उघडली.
ढेकळावर त्याच्या बोटांच्या रेघा उठलेल्या,
करंगळीवरची जुनी चीरसुद्धा.
मधोमध मोडलं, कड बघितली.
"वाईच नीरु मार अजून."
चौथीत तीनदा बसलेला माणूस.
माझा काटा तेच म्हणाला,
तीन मिनिटांनी.

पाणी तो कानडीत मागायचा,
शिव्या मराठीत द्यायचा,
भट्टीवरच्या हुसेनसाबशी भांडण दख्खनीत.
मोजायचा मात्र ओंदु, एरडु, मूरु,
कारण मोजायला शिकला बैलहोंगलच्या अडतीत,
पाठीवर पोतं असताना.
आणि वाळू जमली की एकच शब्द: साकु.

ह्या साकुसाठी मी दोनशे पानी वही केली.
"अंगठ्याच्या बुडाशी गार लागावी." खोडलं.
"मोडताना कड ढासळू नये." म्हणजे किती? खोडलं.
रोज मूठ दाबायचो.
हाताला वाळू लागायची. वाळूच फक्त.

मग मालकांनी ट्रेनिंग रूम काढली.
पांढरा फळा, आयटीआयची वीस पोरं,
आणि इस्त्रीच्या शर्टातला भरमाण्णा.
टोपण न काढताच त्यानं मार्कर फळ्याला टेकवला.
"वाळू," म्हणाला.
"वाळू म्हणजे..."
पंखा फिरत राहिला.
त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या.
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं,
आणि तो पन्नाशीचा माणूस
चौथीतून चौथ्यांदा बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी शेडच्या कोपऱ्यात:
भरमाण्णाची मूठ, आत वाळू,
मुठीवर खानापूरकडच्या इराप्पाचा तळवा.
दोघांचे डोळे मिटलेले.
मग मूठ इराप्पाची, तळवा ह्याचा.
"काय करूलालायसा?" मी विचारलं.
"काय नाही, सायब."
असे आठ दिवस. नवव्या दिवशी
इराप्पा साकु म्हणाला आणि साचे भरायला लागले.
खात्री कोणी केली नाही.
मी केली. गुपचूप. काटा बरोबर होता.
मला राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

भरमाण्णाच्या अंगावरून वारं गेलं
तेव्हा मी रिटायर होऊन चार वर्षं झाली होती.
कंग्राळीला बघायला जायचं ठरलं.
रिकाम्या हातानं कसं जायचं?
कुंदा त्याला चालत नव्हता.
इराप्पा आता फोरमन. न विचारता त्यानं
स्टीलचा डबा वाळूनं भरून दिला.

"भाषा तिन्ही गेल्या," सून म्हणाली,
"भूक लागली तरी आ, नको असलं तरी आ."
मी डबा उघडून त्याच्या उजव्या हाताशी सरकवला.
त्यानं वाळू घेतली. दाबली. मोडली.
कडेकडं बराच वेळ बघितलं,
आणि मानेनं नाही म्हणाला.

"अण्णा, इराप्पानं दिलीय, सकाळचीच."
नाही.
बोट उशाच्या तांब्यावर टेकवलं.
सुनेनं तांब्या तोंडाला लावला,
त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

तेव्हा कुठं डोक्यात आलं:
स्कूटरच्या डिकीत, उन्हात, डबा तासभर होता.
दोन बोटं बुडवून मी वाळूवर शिंपडली.
कालवली. अजून एकदा शिंपडली.
त्यानं परत मूठ भरली, दाबली,
पण उघडली नाही.
पलंगाच्या कडेपर्यंत आणली
आणि माझ्यासमोर धरून ठेवली.

सून म्हणाली, "काय पाहिजे त्यांना?"
मी चष्मा काढून खिशात ठेवला.